ड्रॅगनचा डावा डोळा

पावसाची सर चुकवायला जो तरुण महिपती म्हात्र्यांच्या गणपतीच्या कारखान्यात शिरला, त्यानं शिरता शिरता दोन गुन्हे केले. वाऱ्यानं उलटी झालेली छत्री त्यानं आतच झटकली, आणि दारातल्या पाटावर आखणीला बसलेल्या सगुणेच्या अगदी कानाशी येऊन विचारलं, “इथं ड्रॅगन मिळेल का?”

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. हमरापुरात बाकी सगळी कामं वाटून घेता येतात. साच्यातून मूर्ती काढायला कुणीही चालतं, पितांबराला पिवळा हात मारायला शेजारची वहिनीसुद्धा चालते. पण डोळे काढायला कारखान्यात एकच माणूस असतं, आणि ते पाटावर बसलं की घरात भांडंसुद्धा जपून ठेवतात. त्या दिवशीच्या रांगेतला शेवटचा गणपती सगुणेच्या पुढ्यात होता, त्याच्या पापणीची रेघ अर्धी झाली होती, आणि हा प्राणी ड्रॅगन मागत होता.

तिनं श्वास सोडला नाही. रेघ पुरी केली, बुबुळात पांढरा ठिपका ठेवला, ब्रश वाटीत बुडवला आणि मगच मान वर केली.

“मिळेल की. भाजून देऊ का तळून?”

तो हसला. आता हसतात सगळेच, पण याच्या हसण्यात एक गंमत होती. हसला की त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा जास्त मिटायचा... तो एकटाच काहीतरी वेगळं सांगत असल्यासारखा. सगुणेचा धंदाच डोळ्यांचा. तिनं ते बरोबर टिपलं, आणि लगेच ब्रश धुण्यात मन घातलं.

त्याचं नाव दिनानाथ. रोह्याचा. धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता, आणि रविवारी आळीतल्या पोरांना स्वतः रचलेल्या गोष्टी सांगायचा. वर्षभर एकच गोष्ट चालली होती: कुंडलिकेकाठच्या गडावर कोंडलेली राजकन्या, आणि तिच्यावर पहारा करणारा ड्रॅगन. गोष्ट एवढी गाजली की यंदा मंडळाच्या गणपतीपुढं तिचाच देखावा करायचा असा पोरांनी हट्ट धरला. मंडळातल्या थोरांनी ‘तुझी गोष्ट, तूच निस्तर’ म्हणून त्याला हमरापूरला पिटाळलं. इथली अख्खी आळी त्याची फिरून झाली होती. ऐन श्रावणात ड्रॅगन? प्रत्येक कारखान्यानं त्याला चहा पाजला होता आणि हसत हसत वाटेला लावलं होतं.

आता त्याला काय ठाऊक, की हमरापुरात ड्रॅगनमधलं काही कळणारं एकच माणूस होतं आणि ते त्याच्या समोर ओल्या ब्रशाशी खेळत बसलं होतं. पेणच्या वाचनालयात कुमारांच्या कपाटात राजकन्यांची नि ड्रॅगनांची जेवढी पुस्तकं होती, ती सगुणेनं कॉलेजात असतानाच फस्त केली होती. वाचनालयातल्या बाई म्हणायच्या, अगं, आता मोठ्यांचं काही वाच. सगुणा मान डोलवायची आणि पुन्हा ड्रॅगनच घरी घेऊन यायची.

“शेवट काय हाय तुमच्या गोष्टीचा?” तिनं विचारलं.

“राजपुत्र येतो. ड्रॅगनला मारतो. राजकन्येला घेऊन जातो.”

“कुठं?”

“त्याच्या राज्यात.”

“आणि तिथं जाऊन ती काय करते?”

दिनानाथनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. वर्षभर एवढी पोरं त्याच्यापुढं बसत होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो तसं म्हणालाही.

“पोरींनी विचारला असेल,” सगुणा म्हणाली. “तुमचं लक्ष राजपुत्राकडं असेल.”

बाहेरची सर केव्हाच थांबली होती. तरी तो उभाच राहिला.

*

महिपतीशेठ आधी नाहीच म्हणाले. अजून निम्मे गणपती कच्चे होते, माणसं कमी, त्यात हा पंखवाला धिंगाणा कुठं घेऊन बसायचा? सगुणेला बापाची नस ठाऊक होती. ती भिंतीकडं तोंड करून, कुणाला न सांगता सांगितल्यासारखं म्हणाली, की आळीत सगळे म्हणतातच, महिपतीला गणपतीपलीकडं काही जमायचं नाय. शेठनी हातातला चहा खाली ठेवला. कोण म्हणतो, एवढंच विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत ड्रॅगनचा सांगाडा उभा राहिला.

नवा साचा करायला वेळ कुणाला? शेठनी घरातलेच साचे धुंडाळले. नवरात्रातल्या देवीच्या सिंहाचे पाय घेतले. शेषनागाचं वेटोळं घेतलं. पंख गरुडाचे, मानेवरचा तुरा कार्तिकेयाच्या मोराचा. तोंडाला काहीच जुळेना, तेव्हा काथ्या आणि प्लॅस्टर घेऊन ते त्यांनी हातानंच घडवलं. शेठची बहीण धोंडुबाई, सगुणेची आत्या, रोज येऊन त्याच्याभोवती एक फेरी मारायची. तिनं त्याचं नाव पंखवाली घोरपड ठेवलं होतं. “सगळी देवांचीच वाहनं लावलीत याला,” ती म्हणायची. “यात राक्षस कुठं हाय ते मला दाखवा.”

ही धोंडुबाई म्हणजे हमरापुरात आखणीचं शेवटचं न्यायालय. दारातला तो पाट तिचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा तिनं तो सगुणेला दिला होता, पण आपल्या अटीवर. अट अशी, की आखणीला बसण्याआधी माणसाचं तोंड बघायचं नाही. उठायचं, अंघोळ करायची, देवघरात देव बघायचा, आणि मान खाली घालून थेट पाटावर येऊन बसायचं. जे डोळे मनात घेऊन बसशील तेच ब्रशातून उतरतील, असं तिचं म्हणणं. सगुणेला हे थोडं खुळ्यासारखं वाटायचं, पण पाट प्यारा होता, म्हणून ती पाळायची.

आणि दिनानाथ यायला लागला सकाळी.

त्याची रात्रपाळी होती. शिफ्ट सुटली की घरी जाऊन झोपायचं सोडून तो रोह्याहून पहिली गाडी पकडायचा आणि हमरापूर स्टेशनातून चालत यायचा. दर खेपेला कारण वेगळं. एकदा पंखांचं माप आणलं. एकदा खवल्यांचा रंग सांगायचा राहिला होता. एकदा तर नुसतं विचारायला आला की ड्रॅगनला शेपूट आहे ना. शेठ म्हणाले, तुमच्या समोर पसरलीय, पाय देऊ नका.

मागच्या पडवीची वाट न्हाणीघरावरून होती. ओल्या केसांना पंचा गुंडाळून सगुणा बाहेर यायची आणि हा समोर उभा. झोपेनं जडावलेले डोळे, आणि तिला बघून त्यातला डावा हळूच मिटायचा.

“राजकन्येचा राग गेला का?” असं त्यानं एका सकाळी विचारलं.

“कुठल्या?”

“जी ड्रॅगन तळून देते.”

“ती रागावलेली नव्हतीच. तुमची छत्री गळत होती.” ती जायला निघाली, आणि दोन पावलांवर थांबली. “एक विचारू? तुमची राजकन्या कोंडलेलीच कशाला पाहिजे? तिला तिथं काम असेल.”

“गडावर कसलं काम?”

“तिन्हीसांजेला चांदण्या लावायचं. एकेक करून... कुणीतरी लावत असेलच ना.”

दिनानाथ म्हणाला, “तुम्ही गणपतीच्या डोळ्यात शेवटी तो पांढरा ठिपका ठेवता... तशा?”

आजवर सगुणेला पाहायला आलेल्या एकानंही तिच्या कामाकडं धड पाहिलं नव्हतं, आणि हा माणूस ठिपका लक्षात ठेवून बसला होता. ती देवघरात गेली, देवापुढं हात जोडले, आणि खरं सांगायचं तर तिला देव दिसलाच नाही. तशीच पाटावर येऊन बसली.

पाहायला येणाऱ्यांचं निघालंच आहे, तर सांगून टाकू. पनवेलचं एक स्थळ तिला आषाढातच सांगून आलं होतं. मुलगा नेकीचा, विजेच्या सामानाचं दुकान, घर चांगलं. त्याच्या आईनं सगुणेची रंगलेली बोटं हातात घेतली आणि मायेनं म्हणाली, लग्नानंतर तुला हे काही करावं लागणार नाही हो, सुखात राहशील. अगदी मायेनं म्हणाली, तीच तर पंचाईत. रागावून म्हणाली असती तर भांडता आलं असतं. शेठना स्थळ पसंत होतं. गौरी गेल्या की उत्तर द्यायचं ठरलं होतं. सगुणेला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “बघू.” ती सगळ्यालाच ‘बघू’ म्हणायची. पण त्या दिवसापासून तिला रोज पाटावर बसताना वाटायचं की आपण हे शेवटचे डोळे काढतोय, आणि रडू यायचं. पाट सुटला तर ती नुसती कुणाची तरी सून उरणार होती. लग्न तिला हवं होतं, पण पाट सोडून नको होतं.

धोंडुबाईला हे सांगावं लागलं नाही. तिचंही एकदा लग्न झालं होतं, आणि त्या घरात तिच्या हाती कधी ब्रश आला नव्हता. त्या वर्षांबद्दल ती कधीच बोलायची नाही.

*

देखाव्याला आवाज लागतात. राजपुत्राचा आवाज मंडळाच्या एका वकिलानं दिला होता, ड्रॅगनचा स्वतः दिनानाथ देणार होता. राजकन्येसाठी ठरवलेली मुलगी मात्र फोनपुढं उभी राहिली की फिसकन हसायची. शेवटी एका सकाळी आखणी आटोपल्यावर दिनानाथनं मोबाइल सगुणेपुढं धरला. मागं स्प्रे मशीनची घरघर, समोर आत्या पहाऱ्याला बसलेली. सगुणेनं कागदावरची वाक्यं म्हटली. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, कागदावर नसलेलंही एक म्हणून टाकलं: “आणि तिथं जाऊन मी काय करू?”

“हे छान झालं,” दिनानाथ हळूच म्हणाला. “देखावा बघायला याल ना?”

“बघू,” ती म्हणाली. फोनमधलं रेकॉर्डिंग अजून चालूच होतं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ड्रॅगनचे डोळे त्याला रागीट हवे होते. लालभडक, भुवया ताणलेल्या, पोरं घाबरली पाहिजेत असे. सगुणेनं ते एका सकाळी, गणपतींची रांग पुरी करून त्याच हातासरशी काढले. लाल रंग वापरला, भुवयाही ताणल्या. मागं सरून पाहिलं तर डोळे फार गोड वाटले तिला. का, याचा विचार करायला सवड नव्हती. दुपारच्या जेवणाला हाक आली.

ती भाकरीचा तुकडा मोडतेय तोच पुढून धोंडुबाईचा आवाज आला.

“सगुणे, इकडं ये गो.”

मोतीबिंदूमुळं आत्या मूर्ती पार नाकाशी धरून बघायची. तिनं एक गणपती ठेवला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. ती रागावली नव्हती, आणि सगुणेला तेच जड गेलं.

“हा देव कुणाकडं बघून हसतोय?”

सगुणेनं पाहिलं. एका मूर्तीकडं पाहून कळलं नसतं. पण फळीवर सगळी रांग मांडलेली होती, आणि रांगेतल्या प्रत्येक गणपतीचा डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा जास्त मिटलेला होता. जडावलेल्या पापण्या, आणि कोपऱ्यात दडवलेलं हसू. फळीवरून अख्खा दिनानाथ तिच्याकडं बघत होता.

“कुणाचं तोंड बघून बसत होतीस?”

सगुणेनं पदराशी चाळा केला.

“रोह्याची गाडी हल्ली वेळेवर येते वाटतं,” असं म्हणून आत्यानं मूर्ती जागेवर ठेवली. मग ओला बोळा तिच्या हातात दिला. “पूस आणि नव्यानं काढ. देव बघून बस.”

त्याआधीच्या दिवसांच्या मूर्ती तर कधीच गिऱ्हाइकांकडं गेल्या होत्या, पेणला, नागोठण्याला, कुठं कुठं. त्यांना आता काही करता येत नव्हतं. उरलेल्या तिनं पुसायला घेतल्या. पहिलाच डोळा पुसताना तिला हुंदका आला. देवाचे डोळे चुकले याची लाज होतीच. पण हेच डोळे आपल्याला रोज बघायचे आहेत, हे तिला त्या ओल्या बोळ्यानं सांगितलं. मग एकदम तिला ड्रॅगन आठवला.

ती मागच्या पडवीत धावली. पडवी रिकामी होती. जमिनीवर थोडं प्लॅस्टर सांडलेलं, आणि चिखलात टेम्पोच्या चाकांचे ताजे माग. ती जेवायला बसली होती तेवढ्यात रोह्याची माणसं येऊन ड्रॅगन घेऊन गेली होती, दिनानाथचे डोळे लावलेला ड्रॅगन, दिनानाथच्याच गावाला.

*

चतुर्थी आली आणि कारखाना रिकामा झाला. हमरापुरात या दिवसांत सगळीच घरं ओकीबोकी होतात, तरी सगुणेला वाटत होतं की तिचंच घर तेवढं रिकामं आहे. रोज सकाळी येणाऱ्या माणसाचा साधा फोनही आला नव्हता. त्यानं डोळे ओळखले असतील. सगळ्या रोह्यानं ओळखले असतील. मंडळाची पोरं त्याला चिडवत असतील, आणि तो मनातून वैतागला असेल... ती स्वतःशीच बडबडायची आणि नको तिथं झाडू मारत बसायची. तिकडं पनवेलहून निरोप आला, गौरी गेल्या की येतो.

“मला रोह्याचा देखावा बघायचाय,” धोंडुबाईनं एका दुपारी जाहीर केलं. “डोळ्यांचं ऑपरेशन करायच्या आधी.”

शेठनाही आपला ड्रॅगन उभा राहिलेला बघायचा होताच. सगुणा नाही म्हणाली, दोनदा म्हणाली. आत्यानं तिच्यासाठी साडी काढून ठेवली आणि स्वतः चपला घालून दारात बसली. मग काय करणार?

संध्याकाळी तिघं रोह्यात पोचली तेव्हा मांडव भरला होता. पोरं सगळ्यात पुढं, मांडी घालून. पडदा सरकला. कागदाचा गड, त्याच्यावर गौरीच्या मुखवट्याची राजकन्या, आणि पायथ्याशी महिपतीशेठचा ड्रॅगन. मोटर सुरू झाली आणि त्यानं वेटोळ्यातून मान वर काढली. दिव्याचा झोत नेमका त्याच्या तोंडावर पडला.

“दिनादादाचे डोळे!” पुढून एक पोरगी म्हणाली. तिला यात नवल वाटलेलं नव्हतं. रोज बघत असणार ती. मागं बायका हसल्या.

सगुणेला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. तिला कळलं की शेजारी शेठ ड्रॅगनकडं बघतायत, मग मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या दिनानाथकडं बघतायत, मग तिच्याकडं. तिनं नजर समोरून हलवली नाही.

गडावर राजकन्येचा हात हलला, की मागच्या काळ्या कापडावर एक चांदणी लागायची. मग दुसरी. ही राजकन्या कोंडलेली नव्हती. तिला काम होतं.

वकिलाच्या आवाजातला राजपुत्र आला. म्हणाला, चल माझ्या राज्यात, सुखात राहशील. आणि मांडवभर सगुणेचा स्वतःचा आवाज घुमला, मागं स्प्रे मशीनच्या घरघरीसकट: “आणि तिथं जाऊन मी काय करू?”

राजपुत्र चाकांवर कुरकुरत मागं मागं गेला आणि पडद्याआड नाहीसा झाला. पोरांनी टाळ्या पिटल्या. तलवार म्यानातच राहिली.

मग ड्रॅगननं मान वर केली, गडाच्या सज्ज्यापर्यंत. आवाज दिनानाथचा होता, आणि तो गोष्ट सांगतानाचा आवाज नव्हता.

“राजकन्ये, तू गड सोडू नकोस. तुझ्या चांदण्या कोण लावणार? ...पहारा मी सोडला. आता मीच वर राहायला आलो, तर चालेल का?”

वाजंत्री थांबली. मोटर थांबली. सगळा मांडव गप्प, आणि त्या शांततेत लाउडस्पीकरवर एकच शब्द आला.

“बघू.”

हशाचा एवढा लोट उठला की खांब हलतील असं वाटलं. आत्या तर डोळ्यांना पदर लावून हसत होती. दिवे लागले, पोरं उठून ड्रॅगनच्या शेपटीला हात लावायला धावली, आणि त्या गर्दीतून वाट काढत दिनानाथ तिच्यापुढं येऊन उभा राहिला. दिवसपाळी करून आलेला असावा. डोळे आज जागे होते.

“फोन का नाय केला?” सगुणेनं विचारलं. तिला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं.

“टेम्पोतून उतरवताना ते डोळे बघितले. मग काय बोलावं सुचेना. फोन हातात घ्यायचो नि ठेवायचो.” त्यानं मान खाली घातली. “आरशात रोज बघतो मी ते. पण एवढे चांगले कधी दिसले नव्हते... म्हटलं, आपल्याला जमत नाय, तर ड्रॅगनच विचारेल.”

“मुद्दाम नाय काढले मी.”

“ते कळलं. म्हणून तर विचारायचं धाडस झालं.”

पुढून कुणीतरी दिनादादा म्हणून हाक मारली. तो हलला नाही. सगुणेला आपल्या बोटांकडं बघावंसं वाटलं, नखांत अजून काळा रंग होता. तिनं हात लपवला नाही.

“राजकन्या चुकली,” ती म्हणाली. “तिनं बघू म्हणायला नको होतं.”

“दुसऱ्यांदा विचारलं तर?”

“विचारून बघा.”

“मी आलो, तर चालेल?”

“चालेल,” सगुणा म्हणाली. “पण एक अट हाय. आखणीच्या आधी तोंड दाखवायचं नाय.”

त्याचा डावा डोळा मिटला. मग दोघांनाही हसू आवरेना.

हे सगळं शेजारी उभं राहून ऐकणारे महिपतीशेठ एकदम खाकरले. “घरजावई मला चालायचा नाय,” ते म्हणाले.

दिनानाथ सावरून उभा राहिला. जित्याला खोली बघेन, असं म्हणाला. तिथून हमरापूर पुढचंच स्टेशन, सगुणा पाटावर जाईल आणि तो धाटावला शिफ्टला. गाडी दोघांनाही आहे. हे तो इतक्या झटक्यात बोलला की त्यानं बरेच दिवस आधी ठरवलेलं होतं हे सगळ्यांना कळलं.

शेठ ड्रॅगनकडं वळले. “डावा पंख उलटा बसवलाय तुम्ही,” ते म्हणाले. “चला, दाखवतो. पनवेलकरांना उद्या मी कळवतो.” आणि जावयाला दंडाला धरून मंचाकडं घेऊन गेले.

*

पुढल्या श्रावणात नागोठण्याचं एक गिऱ्हाईक आलं आणि अडून बसलं, की आम्हाला गेल्या वर्षीसारखा हसरा गणपती द्या. धोंडुबाईचं ऑपरेशन झालं होतं, आता तिला लांबूनही सगळं स्वच्छ दिसायचं. ती म्हणाली, तसला आता मिळायचा नाय, त्याचा साचा लग्न करून गेला.

जित्याच्या खोलीत हंगामाचे दिवस मोठे मजेचे असतात. दिनानाथ रात्रपाळीहून येतो तो तोंडावर पंचा ओढूनच. चाचपडत चपला काढतो, भिंतीला धडकतो, आणि सगुणा देवाकडं बघत, हसू दाबत घराबाहेर पडते. शेजारपाजारच्यांना वाटतं, नवराबायकोत अबोला आहे. दुपारी ती परतली की मग तो पंचा काढतो, आणि नवी गोष्ट कुठवर आली ते सांगतो.

घरचा गणपती मात्र ती सगळ्यात शेवटी घेते. आळीतलं सगळं काम उरकलं, पाट धुऊन ठेवला, की एक लहानशी मूर्ती ती जित्याला घेऊन येते. आत्यानं त्या एका मूर्तीपुरती सूट दिली आहे. त्या सकाळी दिनानाथ पंचा न ओढता समोर बसतो. सगुणा त्याच्याकडं हवं तेवढं बघून घेते, आणि मग ब्रश उचलते.